राग कुठं ठेवायचा? : ऐकायलाच हवेत असे आठ अल्बम

मला गाणी ऐकायला आवडतात असं सांगितलं की समोरचा माणूस माझं नाव आठवतो आणि थेट गझलेवर येतो. मेहदी हसन, गुलाम अली, नुसरत. फारच जाणकार असला तर साबरी बंधूंपर्यंत पोचतो. ही सगळी मंडळी मला प्रिय आहेत. पण गेली पंचवीस वर्षं मी सगळ्यांत जास्त ऐकलंय ते हेवी मेटल, हार्ड रॉक आणि पंक, असं म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. त्याच्या मनातला मुसलमान अत्तर लावून मंद दिव्यात शेर ऐकत बसलेला असतो. मी त्या चित्रात बसत नाही.

मोहल्ल्यातला प्रश्न वेगळा असतो. "मौसिकी हराम हय, मालूम हय ना?" आणि मौसिकीतही हे असलं? कवट्यांची चित्रं, किंचाळणं, सैतानाची नावं?

म्हणजे मुसलमानाच्या कानानं काय ऐकावं हे दोन्हीकडच्या लोकांनी आधीच ठरवून ठेवलंय. मला काय ऐकावंसं वाटतं, हे विचारायला कुणी येत नाही. म्हणून मीच सांगतो.

कारण साधं आहे. मला राग येतो. तुम्हालाही येत असणार. पुण्यात नोकरी लागल्यावर मी भाड्यानं खोली शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिटही ठरायचं आणि पूर्ण नाव सांगितलं की खोली 'कालच गेलेली' असायची. असं चारदा झालं. चौथ्या वेळी मी "ठीक आहे काका, धन्यवाद" असं म्हणून फोन ठेवला. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं. वाद घालू नको, आवाज चढवू नको, लोक बघतायत. दुसरा कुणी ओरडला तर तो तापट ठरतो, आपण ओरडलो तर त्याचा अर्थ वेगळा लावला जातो. मुसलमानाला राग येणं परवडत नाही. पण परवडत नाही म्हणून तो यायचा थांबत नाही. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर मी हेडफोन लावून जे ऐकलं, त्यात एक माणूस माझ्या वतीनं ओरडत होता. त्यानं मला खोली मिळाली नाही. पण घरी येऊन अम्मीशी फोनवर नीट बोलता आलं.

यादीआधी दोन शंकांचं बोलून घेतो.

पहिली धर्माची. मी आलिम नाही, फतवा देत नाही. संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे हजार वर्षं चालू आहे. अंदलूसच्या इब्न हज्मनं मनाई मानली नाही, इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि त्यांच्याशी मतभेद असणारे मोठे उलेमाही होते आणि आहेत. जो परहेज करतो त्याचा मी आदर करतो. एवढंच म्हणतो की वाद आहे म्हणजे एकाहून जास्त मतं आहेत.

दुसरी सैतानाची. मेटलमध्ये सैतान येतो, हे खरं. भयपटात भूत येतं तसा बहुतेकदा येतो. पण सगळंच निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलवाल्यांनी खरोखर चर्च जाळली. कुणाचंही इबादतीचं ठिकाण जाळणाऱ्याचं गाणं माझ्या घरात वाजत नाही. खाली जे आठ अल्बम आहेत ते मी पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि कुणासमोरही ऐकू शकतो.

१. ब्लॅक सॅबथ : मास्टर ऑफ रिअॅलिटी (१९७१)

बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं शहर. तिथला सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. आता गिटार संपलं असं त्यानं धरलं होतं. मग कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचा हात आगीत भाजला होता आणि तो डाव्या हाताची दोनच बोटं चालवून एवढं वाजवत होता. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर कातडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. या अल्बमपर्यंत येता येता त्यानं बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून लावली, म्हणजे तारा सैल होतात आणि बोटांना त्रास कमी. त्या सैल तारांतून जो जड, जमिनीतून आल्यासारखा आवाज निघाला, त्यावर पुढं अख्खा संगीतप्रकार उभा राहिला.

आमचं मूळ गाव मिरज. तिथल्या सतारमेकर गल्लीत माझे एक मामू तानपुरे करायचे. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार. हत्यारांना धार लावण्याचं काम आटलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांच्या पिढीपासून ते वाद्यांकडं वळले. मामूंना मी एकदा यातलं 'चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह' ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "तार ढिल्ली रख्या हय इसने. और जवारी बहोत खुल्ली हय." इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांनी दोन्ही गोष्टी बरोबर पकडल्या. सतारीच्या घोडीला कानस मारून जवारी काढतात, तार तिच्यावर घासून झणझणते आणि एका सुरातून अनेक सूर निघतात. अॅम्प्लिफायरवर ताण देऊन गिटारचा आवाज फोडतात, तेव्हाही वरचे सूर असेच उसळतात. तानपुऱ्याची जवारी ज्याला गोड लागते त्यानं या आवाजाला कर्कश म्हणून हाकलून देऊ नये.

पहिलं गाणं गांजाचं कौतुक आहे, ते सोडून द्या. दुसरं, 'आफ्टर फॉरएव्हर', देवाला हसणाऱ्यांना उलट प्रश्न विचारतं. शब्द लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरातला होता. 'सैतानाचा बँड' म्हणून बदनाम झालेल्यांनी हे लिहिलंय, ते लक्षात ठेवून ऐका.

२. लेड झेपेलिन : फिजिकल ग्राफिटी (१९७५)

दोन रेकॉर्डींचा हा अल्बम, आणि मी पुन्हा पुन्हा जातो ते 'कश्मीर' या साडेआठ मिनिटांच्या गाण्याकडं. नाव काश्मीरचं, पण शब्द सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिण भागात, वाळवंटातल्या न संपणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवताना. गिटारचा तुकडा तीनच्या चालीनं फिरतो आणि जॉन बॉनमचा ड्रम चारच्या. बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात. तबल्याची थोडीशी सवय असलेल्या माणसाला यात जी मजा येते ती सांगून कळणार नाही, हातानं मोजूनच बघा.

यात मुंबईचाही एक धागा आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपल्या 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' या गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं. ते चाळीसहून जास्त वर्षं पडून राहिलं आणि २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. तेही शोधून ऐका. 'कश्मीर'मधली तंतुवाद्यांची भिंत कुठल्या ओढीतून आली असेल, याचा अंदाज येतो.

३. रमोन्स : रमोन्स (१९७६)

झेपेलिनची वीस-वीस मिनिटं चालणारी वादनं ज्यांना जड झाली, त्यांचं हे उत्तर. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार मुलं, चौदा गाणी, आणि सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. खर्च साधारण ६,४०० डॉलर, म्हणजे त्या काळच्या मोठ्या बँडच्या मानानं चहापाण्याचा. तीन-चार कॉर्ड, एक दोन तीन चार, आणि सुरू.

हा अल्बम मी यादीत का घालतो? कारण तो एक भीती घालवतो. आपल्याकडे संगीत म्हटलं की उस्ताद, घराणं, बारा वर्षांची तालीम. ती परंपरा मोठीच आहे. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी मैफल होते, ती ऐकत मी वाढलो. पण तिथून घरी येताना मनात एकच असायचं, हे आपलं काम नाही. रमोन्स ऐकताना वाटतं, हे तर मलाही जमेल. पंकचा सगळा जीव या 'मलाही जमेल'मध्ये आहे. या मुलांच्या काही गाण्यांचे विषय टवाळ आणि बेताल आहेत, ते तसेच समजून घ्यायचे.

४. द क्लॅश : लंडन कॉलिंग (१९७९)

यादीतला एकच अल्बम ऐकणार असाल तर हा ऐका. एकोणीस गाणी, दोन रेकॉर्डी, आणि बँडच्या हट्टामुळं किंमत एकाच रेकॉर्डीची. पंक, रेगे, स्का, जॅझ, सगळं एका ताटात. गायक जो स्ट्रमरचे वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते, त्याचा जन्म अंकाराचा.

पण हा अल्बम कुठल्या हवेत तयार झाला ते माहीत हवं. १९७८ च्या जानेवारीत मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी हा देश व्यापून जाईल अशी भीती लोकांना वाटते. नॅशनल फ्रंटचे लोक रस्त्यावर होते आणि पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय असा फरक न करता आशियाई माणसांना मारत होते. ३० एप्रिलला पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'चा मोठा जलसा झाला, त्यात क्लॅश वाजवून गेले. चारच दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी चाललेल्या अल्ताब अली या बांगलादेशी शिलाई कामगाराचा खून झाला. आज तिथल्या एका बागेला त्याचं नाव आहे.

जलशानं अल्ताब अली वाचला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गाण्यानं जग बदलतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण गोऱ्या पोरांचा एक बँड त्या दिवसांत कुणाच्या बाजूनं उभा राहिला, हे तिथल्या आशियाई पोरांनी बघितलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'एलियन कल्चर' नावाचा पंक बँड निघाला. चौघांतले तिघं पाकिस्तानी घरांतले, आणि नाव थॅचरबाईंच्या त्या बोलण्यावरून घेतलेलं. शिवी उचलून पाटीवर लावायची, ही पंकची रीत.

क्लॅशचंच 'रॉक द कासबा' (१९८२) हे संगीतबंदीची टर उडवणारं गाणं. १९९१ च्या आखाती युद्धात ते अमेरिकी सैन्याच्या रेडिओवर वाजलं. बंदीविरुद्ध लिहिलेलं गाणं बाँब टाकणाऱ्यांचं झालं. गाणं एकदा सोडलं की ते कुणाच्या हातात जाईल, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

५. मायनर थ्रेट : कम्प्लीट डिस्कोग्राफी (१९८९)

वॉशिंग्टनमधला हा बँड १९८० ते १९८३ एवढाच टिकला. त्यांचं जवळजवळ सगळं काम या एका अल्बममध्ये पाऊण तासात बसतं. इयन मकाय या गायकानं १९८१ मध्ये 'स्ट्रेट एज' नावाचं पाऊण मिनिटाचं गाणं केलं. मी दारू पीत नाही, नशा करत नाही, मला त्याची गरज नाही, एवढाच त्याचा मतलब. त्यातून जगभर एक चळवळ उभी राहिली. दारूच्या क्लबात अल्पवयीन पोरांच्या हातावर ओळखीसाठी काळी फुली मारत. या पोरांनी ती फुली स्वतःहून, अभिमानानं काढायला सुरुवात केली.

कंपनीच्या पार्टीत हातात सरबताचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येक मुसलमानानं हे गाणं ऐकावं. "एक घे, कुणाला कळणार नाही" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! नकार देताना आपण ओशाळतो, पोटाचं कारण सांगतो. मकाय ओशाळत नाही. त्याचं कारण आपल्यापेक्षा वेगळं आहे, पण ताठ मानेनं नाही म्हणणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

मायकल मुहम्मद नाइट या अमेरिकी नवमुस्लिम लेखकानं 'द तक्वाकोर्स' ही कादंबरी लिहिली, त्यात नमाजी, बंडखोर, बुरखेवाले, शिया, सुन्नी असे पंक एका घरात राहतात. तक्वा आणि हार्डकोर मिळून झालेला हा शब्द. आधी त्यानं फोटोकॉपी काढून ती स्वतःच वाटली. कादंबरीतले बँड खोटे होते. पण ती वाचून खरे बँड निघाले किंवा तिच्याशी जोडले गेले, त्यांतला 'द कोमिनाज' हा पाकिस्तानी-अमेरिकी पोरांचा बँड सगळ्यांत नावाजला. नाव पंजाबी 'कमीना'वरून. पुन्हा तेच, शिवीची पाटी.

६. मेटॅलिका : मास्टर ऑफ पपेट्स (१९८६)

आठ गाणी, पंचावन्न मिनिटं, आणि एकही गाणं वगळावंसं वाटत नाही. शीर्षकगीत व्यसनाबद्दल आहे. तिथं बोलतं ते व्यसन स्वतः, माणूस त्याच्या दोरीवरचं बाहुलं. 'डिस्पोजेबल हीरोज' युद्धावर पाठवलेल्या कोवळ्या पोरांबद्दल. 'ओरायन'ला शब्दच नाहीत. त्यात बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन अल्बम आल्यावर सहा-सात महिन्यांत, सप्टेंबर १९८६ मध्ये, स्वीडनमध्ये बँडची बस उलटून गेला. चोवीस वर्षांचा होता. ज्याला मेटलमधला आरडाओरडा सोसत नाही त्यानं 'ओरायन'पासून सुरुवात करावी.

या बँडशी माझं नातं सरळ नाही. २००३ मध्ये बातमी आली की इराकमध्ये अमेरिकी सैन्य कैद्यांची झोप मोडायला आणि त्यांना खचवायला मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन' मोठ्या आवाजात वाजवतं. मला जे ऐकून हलकं वाटतं तेच माझ्यासारख्या नावाच्या माणसांना मोडायला वापरलं गेलं. ते गाणं या अल्बममधलं नाही, पण बातमी वाचल्यावर मेटॅलिकाचं काहीही बरेच दिवस लावलं नाही.

परत लावलं ते बगदादच्याच पोरांमुळं. 'अक्रासिकौडा' हा तिथला मेटल बँड. सद्दामच्या काळात कार्यक्रमाची परवानगी मिळावी म्हणून त्यांना सद्दामच्या कौतुकाचं एक गाणं करावं लागलं. नंतर अमेरिकी फौजा आल्या, तालमीची जागा हल्ल्यात उद्ध्वस्त झाली. ही पोरं सीरियात, मग तुर्कस्तानात निर्वासित म्हणून राहिली आणि शेवटी अमेरिकेत पोचली. 'हेवी मेटल इन बगदाद' (२००७) या माहितीपटात ती दिसतात. बाहेर गोळीबार आणि आत जनरेटरवर मेटॅलिकाच्या ढंगाची गिटार. संगीत तेच. कोठडीत ते दुसऱ्यानं लावलं होतं आणि तळघरात यांनी स्वतः. ज्यांना सगळ्यांत जास्त हक्क होता त्यांनी ते टाकून दिलं नाही, तर मी कोण?

७. सिस्टिम ऑफ अ डाऊन : टॉक्सिसिटी (२००१)

आता अवघड गोष्ट. या बँडमधले चौघंही आर्मेनियन वंशाचे. गायक सर्ज टँकियन बेरूतमध्ये जन्मला, ड्रमर जॉन डोलमायनही लेबनॉनचा. गिटारवादक डॅरन मलाकियनचे वडील इराकमधून आलेले आणि आई इराणमधून. ही कुटुंबं अशी विखुरली, कारण १९१५ पासून उस्मानी साम्राज्यात आर्मेनियनांची कत्तल झाली. टँकियनचे आजोबा त्यातून वाचलेले. पहिल्या अल्बममध्ये या वंशसंहारावर त्यांचं थेट गाणं आहे.

आपल्या घरांत उस्मानी खिलाफतीचं नाव अभिमानानं घेतलं जातं. खिलाफत चळवळीत मौलाना मोहम्मद अली, शौकत अली आणि गांधीजी एकत्र आले, हे आपण भाषणांत सांगतो. ते खरंच आहे. पण त्याच राजवटीखाली लाखो आर्मेनियन मेले, हे आपल्या एकाही जलशात मी ऐकलं नाही. मला ते गाण्यातून कळलं. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा राग सोपा असतो. आपल्या नावानं झालेल्या अन्यायावर दुसऱ्याला आलेला राग शांतपणे ऐकून घेणं, हे अवघड आहे आणि तेच खरं इमानाचं काम आहे असं मला वाटतं. घर नाकारणाऱ्याकडून मी जी अपेक्षा करतो, ती आधी माझ्याकडून पुरी व्हायला हवी.

'टॉक्सिसिटी' ४ सप्टेंबर २००१ ला आला. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्या आठवड्यात तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्यातलं 'चॉप सुई' हे गाणं एका मोठ्या रेडिओ कंपनीच्या 'सध्या वाजवू नये' यादीत गेलं. 'प्रिझन साँग' अमेरिकेच्या तुरुंगांबद्दल आहे. 'एरियल्स'ची चाल ऐकताना पूर्वेकडचे सूर कानाला ओळखीचे वाटतील.

८. व्हॉइस ऑफ बासेप्रोट : रेतास (२०२३)

इंडोनेशियाच्या पश्चिम जावामधलं गारुत. तिथल्या इस्लामी शाळेतल्या तीन मुली, मार्स्या, विदी आणि सिती. शाळेतल्या समुपदेशक शिक्षकाकडं त्यांनी पहिल्यांदा मेटल ऐकलं, आणि ते नेमकं सिस्टिम ऑफ अ डाऊनचं होतं. आर्मेनियन निर्वासितांच्या नातवंडांचा आवाज मदरशातल्या मुलींपर्यंत असा पोचला. २०१४ मध्ये त्यांनी बँड केला. त्यांच्या सुंदा भाषेत 'बासेप्रोट' म्हणजे गोंगाट. तिघी हिजाबमध्ये वाजवतात. गावातून विरोध झाला, धमक्या आल्या. २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड त्यांचाच.

'नॉट पब्लिक प्रॉपर्टी' हे गाणं बाईच्या शरीरावर गावाचा हक्क नाही, असं बजावतं. 'गॉड, अलाऊ मी (प्लीज) टू प्ले म्युझिक' तर शीर्षकातच दुआ आहे. मला त्यात सगळ्यांत आवडतं ते हे की त्या देवाशी भांडत नाहीत. देवाच्या नावानं बोलणाऱ्यांना बाजूला करून त्या थेट त्यालाच विचारतात. मेटलवाल्यांना वाटतं हिजाब काढल्याशिवाय बंड पुरं होत नाही, मौलवींना वाटतं गिटार ठेवल्याशिवाय ईमान पुरं होत नाही. या मुली दोघांचंही ऐकत नाहीत.

हे आत्ताच लिहायचं कारण सांगतो. माझी भाची अकरावीत आहे आणि तिला गिटार हवी आहे. आपाला 'लोग क्या बोलेंगे' याची काळजी आहे. दुल्हेभाईंची काळजी दिनाची आहे आणि ती प्रामाणिक आहे, म्हणून मी तिला हसण्यावारी नेत नाही. पण माझ्या भाचीलाही राग येतो. कॉलेजात तिच्या नावावरून आणि ओढणीवरून जे बोललं जातं ते ती घरी सांगत नाही, मला सांगते. हा राग ती कुठंतरी ठेवणारच. मोबाईलवर तिच्या वयाच्या पोरापोरींच्या रागाला गिऱ्हाईक भरपूर आहेत, आणि ती सगळी भली माणसं नाहीत. सहा तारांचं वाद्य त्या मानानं फार सुरक्षित जागा आहे. बोटं सोलवटतात, सराव करावा लागतो, आणि राग सुरात बसवायचा तर आधी तो मोजावा लागतो.

दुल्हेभाईंना आठ अल्बम ऐका असं सांगण्यात अर्थ नाही. मी त्यांना तीनच गाणी पाठवली आहेत. शब्द नसलेलं 'ओरायन', देवाची बाजू घेणारं 'आफ्टर फॉरएव्हर', आणि या तीन मुलींची दुआ. सोबत लिहिलंय की ऐकून झाल्यावर तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर भेटले तेव्हा म्हणाले, अजून ऐकली नाहीत, रविवारी बसू.

गिटारची किंमत मी विचारून ठेवली आहे.